बॅटरी पायाशी

अंधाराला भिण्याची रीतसर कारणे आमच्या नागभीडात पुष्कळ आहेत. घोडाझरीच्या जंगलातून वाघ केव्हा कोणाच्या बांधीच्या धुऱ्यावर येऊन बसेल याचा नेम नाही. धान निसवले की रानडुकरे मुलुखगिरीला निघतात. आणि पावसाळ्यात पायवाटेवर आडवा पडलेला दोर हा दोरच असेल, अशी हमी कोणी देत नाही. म्हणून उजेडाला आमच्याकडे भारी मान. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. त्या नाटकांना पूर्वी गॅसबत्त्या असत, आणि बत्तीत हवा भरणाऱ्या माणसाचा रुबाब नाटकातल्या राजापेक्षा कमी नसे.

पण उजेडाला जसा मान, तशी उजेडाला शिस्तही. रात्री वाटेत समोरून कोणी आले, की हातातली बॅटरी चटकन खाली, पायाशी वळवावयाची. समोरच्याच्या तोंडावर झोत मारणारा मनुष्य एक तर फौजदार असावयाचा, नाही तर परगावचा. ही रीत शाळेत कोणी शिकवीत नाही. झोत डोळ्यांत गेला की समोरच्याला स्वतःच्या पायाखालचा साप दिसत नाही, एवढे तिचे साधे कारण.

अशा गावात राहून, आणि तीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवून, वयाच्या बाहत्तराव्या वर्षी मला उजेडाची भीती वाटू लागली, हे सांगितले तर वाचक हसतील. हसावे, पण पुढचे वाचून मग.

आमच्या शेजारच्या घरी एक मुलगा आहे. वय वीस. बाप धानाची शेती करतो, आई शिवणकाम करते. इकडच्या शेकडो मुलांप्रमाणे त्याचेही एकच स्वप्न, भरती! पोलिसांत झाले तर पोलिसांत, नाही तर फौजेत. पहाटे पाचला तो ब्रह्मपुरीच्या रस्त्याने धावावयास निघतो. पोलीस भरतीला १६०० मीटर धावावे लागते आणि तिथे सेकंदासेकंदाला गुण तुटतात. मी फिरावयास निघालो की हा वाऱ्यासारखा बाजूने जातो आणि जाता जाता "गुरुजी, राम राम!" एवढे म्हणून जातो. छाती, उंची, दम, सगळे चोख. डोळ्यांचा तर प्रश्नच नव्हता. दूरवरच्या बसची पाटी तो माझ्या आधी वाचावयाचा.

गेल्या वर्षी वैशाखात त्याच्या मित्राच्या भावाचे लग्न होते. वरातीला बाहेरगावचा डीजे आला. पूर्वीची बँडची वरात आता गेली. आता एक ट्रक असतो, त्यावर घराएवढे कर्णे असतात आणि कर्ण्यांच्या मध्ये लेसरचे यंत्र बसवलेले असते. त्यातून हिरव्या, निळ्या, लाल रेघा निघून गर्दीवर नाचतात. मुलगा ट्रकच्या समोरच नाचत होता. एकदा यंत्र क्षणभर अडकले आणि हिरवी रेघ एका जागी थांबली. ती नेमकी त्याच्या डाव्या डोळ्यावर. त्याने डोळा मिटला, चोळला आणि पुन्हा नाचू लागला. दुखले काहीच नाही.

तीन दिवसांनी तो माझ्याकडे आला. आमच्या झाडीबोलीत डोळ्याला डोरा म्हणतात. तो म्हणाला, "गुरुजी, घडीचे काटे दिसतेत, पन मधचं काहीच दिसत नाही जी. उजवा डोरा बंद केला का तेवढंच गायब."

आईने तोवर मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली होती. मी त्याला घेऊन भिवापूर-उमरेडमार्गे एसटीने नागपूर गाठले. पूर्वी या प्रवासाला आमची छोटी रेल्वे होती. २०१९ मध्ये ती मोठ्या रुळांसाठी बंद झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बुबुळ मोठे करणारे थेंब घातले, पडद्याचा छेद दाखवणाऱ्या यंत्रावर तपासणी केली आणि चित्र आमच्यापुढे धरले. डोळ्याच्या पडद्यावर जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते, नेमकी तिथे सुईने टोचावी तशी एक जखम होती. "याला खात्रीचे औषध नाही," ते म्हणाले. "काहींचे काही महिन्यांत बरेच भरून येते, काहींचा डाग राहतो. वाट पाहावी लागेल."

परतीच्या एसटीत मुलगा एकच प्रश्न विचारीत होता, "गुरुजी, भरतीत डोरा तपासतात ना जी?"

आता वाचकांना वाटेल, एवढ्याशा रेघेने डोळा कसा जळेल? मलाही विद्यार्थी हेच विचारीत. उत्तर ऐका. जुना शंभर वॉटचा दिवा घ्या. शिक्षकांच्या हातात असतो तो लाल ठिपक्याचा पॉइंटर फार तर ५ मिलिवॉटचा, म्हणजे त्या दिव्याच्या वीस हजाराव्या हिश्शाचा. पण दिव्याचा उजेड दाही दिशांना उधळला जातो. लेसरचा उजेड एकाच रंगाचा, एकाच दिशेने, एका ओळीत कवायत करीत जातो. लहानपणी आपण भिंगाने उन्हाचा ठिपका धरून कागद जाळला आहे. आपल्या डोळ्यातही देवाने तसेच भिंग बसवले आहे. सरळ डोळ्यांत शिरलेली लेसरची रेघ ते भिंग पडद्यावर सूक्ष्म टिंबाएवढी आवळते, आणि तिथला प्रखरपणा बुबुळावरच्यापेक्षा सुमारे एक लाख पटींनी वाढतो. जाळण्याचे काम लेसर करीत नाही म्हणा ना. आपलेच भिंग करते!

याविरुद्ध निसर्गाने डोळ्याला एकच ढाल दिली, पापणी. प्रखर उजेड आला की सुमारे पाव सेकंदात ती मिटते. १ मिलिवॉटपर्यंतच्या लेसरला ही ढाल पुरते, म्हणून त्याला सौम्य वर्गात ठेवतात. ५ मिलिवॉटपर्यंत जपून वापरावयाचे. त्यापुढे ५०० मिलिवॉटपर्यंतच्या लेसरची सरळ रेघ डोळ्यांत जाणे धोक्याचेच. आणि ५०० मिलिवॉटच्या वर, म्हणजे अर्ध्या वॉटच्या वर, सर्वांत जहाल असा चौथा वर्ग; त्यात भिंतीवरून पसरून आलेला उजेडदेखील इजा करू शकतो. वरातीतल्या यंत्रांची ताकद कित्येकदा वॉटांत मोजतात. पापणी मिटेपर्यंत काम आटोपलेले असते. आणि पडद्याला दुखण्याची जाणीव नाही. त्यामुळे ओरडावे, पळावे, हेही माणसाला सुचत नाही.

हे सर्व मी त्या मुलाला समजावीत होतो, तेव्हा माझा भाचा सुट्टीला आला होता. तो रणगाड्यांच्या पलटणीतून दफादार म्हणून निवृत्त झालेला. त्याचे शिक्षण अहमदनगरला झाले, ज्याला आज अहिल्यानगर म्हणतात. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, आमच्याकडे लेसर म्हणजे भरलेली बंदूक. आपल्या माणसाकडे तिचं तोंड कधीच नाही."

रणगाड्यात लेसर कशाला, हे त्याने मुलाला फोड करून सांगितले. समोरचे लक्ष्य किती दूर, हे कळल्याशिवाय तोफ नीट बसत नाही. लेसरचा एक क्षणिक ठोका सोडावयाचा आणि तो आदळून परत किती वेळात आला ते यंत्राने मोजावयाचे. लक्ष्य दोन किलोमीटरवर असले तर हा जाण्यायेण्याचा प्रवास सेकंदाच्या सुमारे ७५,००० व्या भागात पुरा होतो. पहिला लेसर थिओडोर मेमन याने अमेरिकेत १९६० च्या मे महिन्यात माणकाच्या कांडीतून पेटवला, आणि थोड्याच वर्षांत फौजांनी त्याला या मोजणीच्या कामी जुंपले.

गंमत अशी, की रणगाड्यांतल्या जुन्या यंत्रांचा हा उजेड डोळ्यांना दिसतच नसे. तो लालाच्या पलीकडचा, १०६४ नॅनोमीटरचा. पण आपले भिंग त्यालाही पडद्यावर आवळते. म्हणजे पापणीला पत्ताच नाही, आणि आत आग! म्हणून सरावाच्या मैदानावर लाल निशाणे, हद्दीच्या खुणा, त्या रंगाचा उजेड अडवणारे खास चष्मे. समोर आरसा, काच, चकाकणारा पत्रा नको, कारण परावर्तित रेघही तितकीच वाईट. पुढे शास्त्रज्ञांनी तोड काढली. १५०० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड घेतला, तर डोळ्याच्या दर्शनी भागातले पाणीच तो शोषून घेते. पडद्यापर्यंत तो पोचत नाही. नव्या यंत्रांत पुष्कळ ठिकाणी तोच वापरतात.

"आणि ते हिरवे लेसर? पिक्चरमध्ये बंदुकीवर असते ते?" मुलाने विचारले.

तीही एक कथा आहे. इराकमध्ये अमेरिकन सैन्याच्या नाक्यांवर गाड्या येत. चालकाला भाषा कळेना, इशारा कळेना, गाडी थांबेना. आणि मग गोळी सुटे. निरपराध माणसे मरत. म्हणून २००६ पासून तिथे हिरवा लेसर देण्यात आला. दुरून काचेवर हिरवा झोत पडला की चालकाचे डोळे दिपतात आणि तो थांबतो. हिरवाच का? तर माणसाच्या डोळ्याला सर्वांत भडक तोच वाटतो. गोळीपेक्षा झोत बरा, यात शंका नाही. आपल्याकडेही संरक्षण संशोधन संस्थेच्या दिल्लीतील लेसर केंद्राने जमावासाठी आणि बंडखोरांविरुद्धच्या कामासाठी असे डोळे दिपवणारे लेसर तयार केले. पण शंभर पावलांवर जो झोत नुसता दिपवतो, तोच दहा पावलांवर जाळतो. म्हणून किती अंतराच्या आत तो माणसावर धरावयाचा नाही, हे ठरलेले असते. काही यंत्रे तर समोरचा माणूस फार जवळ आला की आपोआप शक्ती तोडतात.

मला खरे थक्क केले ते पुढच्या गोष्टीने. १९९५ मध्ये एका चिनी कंपनीने शस्त्रांच्या प्रदर्शनात एक लेसर मांडला होता, आणि दोन-तीन किलोमीटरवरच्या शत्रूच्या डोळ्यांना इजा करता येईल अशी त्याची जाहिरात होती. असे काही येणार हे स्वीडन आणि रेडक्रॉस कित्येक वर्षे सांगत होते. त्यांच्या प्रयत्नांना यश आले, आणि १३ ऑक्टोबर १९९५ रोजी व्हिएन्ना येथे राष्ट्रांनी एक करार मान्य केला : माणसाला कायमचे आंधळे करण्यासाठी बनवलेला लेसर युद्धात वापरावयाचा नाही, कोणाला द्यावयाचाही नाही. ३० जुलै १९९८ रोजी तो अमलात आला. भारतानेही १९९९ मध्ये त्याला संमती दिली. रणांगणावर येण्याआधीच एखादे शस्त्र बंद व्हावे, असे १८६८ च्या स्फोटक गोळीनंतर प्रथमच घडले.

विचार करा. शत्रूला गोळी घालावी, बॉम्ब टाकावा, हे जगातल्या फौजांना चालते. पण त्याचे डोळे जाणूनबुजून कायमचे घ्यावेत, हे त्यांनासुद्धा चालले नाही! लढाई संपल्यावर मेलेल्याची आई रडते आणि एक दिवस शांत होते. आंधळा झालेला मात्र पुढची चाळीस वर्षे रोज सकाळी त्याच लढाईत जागा होतो.

करार झाला म्हणजे सारे साधू झाले, असे मात्र नाही. नुसते दिपवण्यावर बंदी नाही, आणि तिथेच पळवाट आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी चिनी तटरक्षक जहाजाने फिलिपाइन्सच्या गस्ती जहाजावर हिरवा लेसर मारला. खलाशांना काही वेळ दिसेनासे झाले, अशी तक्रार फिलिपाइन्सने केली. शिवाय कायमचे आंधळेपण कशाला म्हणावयाचे, याचीही करारात मोजणी आहे. दोन्ही डोळ्यांची नजर ६/६० पेक्षा कमी झाली पाहिजे. म्हणजे साठ मीटरवरून वाचावयाचे अक्षर सहा मीटरवर येऊनही वाचता येऊ नये. हे मी वाचून दाखवले तेव्हा मुलगा बराच वेळ गप्प होता. त्या मापाने त्याचे काहीच बिघडले नव्हते. पण भरतीचा डॉक्टर व्हिएन्नाचा कागद घेऊन बसत नाही.

आणि आपल्या वराती, आपल्या मिरवणुका? त्यांना कुठला करार? नाशिकला २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर काही तरुणांच्या पडद्याला लेसरने इजा झाल्याचे तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी सांगितले. पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात अशा झोतांना मनाई केली. शहाण्या माणसांनी पावले उचलली; पण यंत्र भाड्याने मिळते, आणि हौसेला मोल नसते.

बाजारातल्या खेळण्यांचीही तीच तऱ्हा. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१३ मध्ये १२२ पॉइंटर तपासल्याचे जाहीर केले. त्यांतले हिरवे सुमारे ९० टक्के आणि लाल सुमारे ४४ टक्के ठरलेल्या मर्यादेबाहेर निघाले. हिरव्या पॉइंटरच्या पोटात आधी न दिसणारा उजेड तयार होतो आणि त्यातून हिरवा काढतात. स्वस्त मालात मधली गाळणी नसते. मग हिरव्याच्या आडून तो अदृश्य उजेडही बाहेर पडतो. वर चिठ्ठी काय लावली आहे, यावर विसंबून भागत नाही.

मुलाच्या डोळ्याचे पुढे काय झाले ते सांगतो. डॉक्टरांनी एक सोपी परीक्षा शिकवली होती. चौकटीच्या वहीचा कागद घ्यावयाचा, मधोमध ठिपका काढावयाचा, एक डोळा झाकून दुसऱ्याने त्या ठिपक्याकडे पाहावयाचे. जिथल्या रेघा वाकड्या दिसतील किंवा गायब होतील, तिथे पेन्सिलीने खूण. दर रविवारी तो माझ्या ओसरीवर बसून ही परीक्षा देतो आणि मी कागदावर तारीख घालून ठेवतो. पहिल्या कागदावर अकरा घरे गायब होती. पोळ्याच्या सुमारास आठ झाली. दिवाळीला सहा. आज चारवर येऊन थांबली आहेत, आणि गेले कित्येक रविवार चारच आहेत. आपल्या घरी कोणाला अशी शंका आली, तर हीच परीक्षा घ्यावी. मात्र तिच्यावर न थांबता पडदा तपासणाऱ्या डॉक्टरांकडे लगेच जावे.

गेल्या वर्षीच्या मंडईची वर्गणी मागावयास मंडळी माझ्याकडे आली, तेव्हा मी विचारले, "लेसर आणणार का?"

"आणणार ना जी! त्याशिवाय पब्लिक येते काय?"

मी म्हटले, वर्गणी दुप्पट देतो, पण एक अट. अमेरिकेत लोकांसमोर लेसरचा खेळ करावयाचा तर रेघ लोकांच्या पायांखालच्या जमिनीपासून निदान ३ मीटर वरून जावी लागते. ३ मीटर म्हणजे आपले दहा फूट. रेघ त्याखाली उतरता कामा नये. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. म्हातारा चळला, असे त्यांच्या तोंडावर स्पष्ट उमटले होते. एकाने विचारले, "अन् दहा फूट मोजणार कोन?"

"मी मोजीन," दारातून आवाज आला. तो मुलगा केव्हा येऊन उभा राहिला होता, कोणाला कळले नाही.

मंडईच्या रात्री तो दहा फुटी बांबू घेऊन यंत्राजवळ उभा राहिला. यंत्रवाला आधी हसला, म्हणाला, "भाऊ, इतके कार्यक्रम केले, कोणाला काही झालं नाही." मुलाने त्याला आपला चौकटीचा कागद दाखवला. काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही, पण त्याने यंत्राचे तोंड वर केले. रेघा झाडांच्या शेंड्यांवर नाचत राहिल्या, खाली पब्लिक नाचत राहिले आणि कोणाची मजा काही कमी झाली नाही. रात्री दोनला नाटकाचा तिसरा अंक सुरू झाला तेव्हा बांबू मांडवाच्या खांबाला बांधून तो पुढच्या रांगेत येऊन बसला.

यंदा भरतीत त्याने १६०० मीटर झकास मारले. लेखी परीक्षाही बरी गेली आहे. वैद्यकीय तपासणी निवडीनंतर असते. ती अजून व्हावयाची आहे. त्याची आई रोज देवापुढे दिवा लावते आणि मी रविवारी कागद मांडतो.

वाचकहो, हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा घरात दिवे लागलेले असतील. मुलांना फटाक्यांबरोबर काही नवे द्यावेसे वाटेल. कोणी भाचा, पुतण्या ते हिरव्या रेघेचे खेळणे मागेल. त्याला बॅटरी घेऊन द्या. चांगली, लांबवर झोत जाणारी घेऊन द्या, आणि समोरून माणूस आला की ती पायाशी कशी वळवावयाची, हे पहिल्याच रात्री अंगणात नेऊन दाखवा.